स्लायडर शॉट: आधी अंतराचं गणित, मग गुळगुळीतपणा

स्लायडर म्हणजे एक सरळ रूळ, किंवा समांतर नळ्यांची जोडी, आणि तिच्यावरून सरकणारी कॅमेऱ्याची बैठक. या बैठकीला कॅरेज म्हणतात. शूटिंगच्या सेटवर पटऱ्यांवरची ट्रॉली जे काम मोठ्या अंतरात करते, ते स्लायडर हातभर अंतरात करतो आणि काम संपलं की बॅगेत जातो. लग्नाचे व्हिडिओ, पदार्थांचे आणि वस्तूंचे शॉट, कारागिरांवरचे माहितीपट, अशा सगळीकडे तो दिसतो. तरीही नवीन घेतलेल्या स्लायडरचे पहिले बरेच शॉट वाया जातात. काही वेळा सगळं नीट सरकवूनही पडद्यावर काही हलल्यासारखं वाटत नाही, आणि काही वेळा हलताना हिसके बसतात. हिसक्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण पहिली अडचण जास्त मुळातली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

सरकणं दिसतं कशामुळे

रेल्वेच्या खिडकीतून बघताना रुळालगतचे खांब झपाझप मागे पळतात, शेतातलं झाड सावकाश जातं आणि लांबचा डोंगर बराच वेळ सोबत राहतो. स्लायडर शॉटमधलं सगळं सौंदर्य या वेगांच्या फरकात आहे. याला पॅरलॅक्स म्हणतात. जवळची आणि लांबची वस्तू एकमेकींपासून सुटी होताना दिसली, की सपाट पडद्यावर खोली जाणवते. फ्रेममध्ये सगळंच एका अंतरावर असेल, तर स्लायडर कितीही महागाचा असला तरी शॉट मेलेला दिसतो.

हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडायची गरज नाही, साधा हिशेब आहे. कॅमेऱ्यापासूनच्या अंतराला सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या) रुंदीने गुणायचं आणि लेन्सच्या फोकल लेंथने, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने भागायचं. त्या अंतरावर फ्रेममध्ये किती रुंदीचं दृश्य मावतं, ते मिळतं. मोठ्या, म्हणजे फुलफ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिमी, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरची साधारण २३.५ मिमी. फुलफ्रेमवर २४ मिमीची लेन्स असेल, तर १ मीटरवर दीड मीटर रुंदीचं दृश्य मावतं.

आता स्लायडरचं खरं अंतर. ६० सेंमीचा स्लायडर कॅमेऱ्याला ६० सेंमी नेत नाही. कॅरेजची स्वतःची लांबी आणि दोन्ही टोकांचे अडथळे वजा केले, की साधारण ४५ सेंमी हातात राहतात. विकत घेताना रुळाच्या लांबीऐवजी ही प्रत्यक्ष धाव विचारावी.

समजा, येवल्याच्या एका हातमागावर पैठणी विणली जात आहे. ताणलेले उभे धागे कॅमेऱ्यापासून ४० सेंमीवर, विणकराचे हात १ मीटरवर, मागची भिंत ३ मीटरवर. २४ मिमीच्या लेन्सने ४५ सेंमी सरकलात, तर धागे फ्रेमच्या रुंदीच्या ७५ टक्के सरकतात, हात ३० टक्के आणि भिंत फक्त १० टक्के. तीन थर, तीन वेग. असा शॉट बघणाऱ्याला थांबवून ठेवतो.

हाच स्लायडर गडाच्या तटावर लावून ५ किमी लांबचा डोंगर टिपायचा म्हटला, तर काय होतं बघा. तिथे फ्रेमची रुंदी साडेसात किमी होते. ४५ सेंमी सरकल्याने डोंगर ४के फ्रेममध्ये एका पिक्सेलच्या पाव भागाइतकाही हलत नाही. तो शॉट ट्रायपॉडवर घेतल्यासारखाच दिसणार. उपाय सोपा आहे: तटाचा एखादा चिरा, गवताची पाती, दिंडीदरवाजाची कड असं काहीतरी ३०–४० सेंमीवर फ्रेममध्ये आणा. मग चिरा सरकतो, त्याच्या आडून डोंगर उलगडतो आणि शॉटला अर्थ येतो.

लेन्स बदलल्याने जवळच्या आणि लांबच्या वस्तूंच्या वेगाचं गुणोत्तर बदलत नाही. ते फक्त अंतरांवर ठरतं. १ मीटरवरची वस्तू १० मीटरवरच्या वस्तूपेक्षा दहापटच सरकणार, मग लेन्स २४ ची असो की ८५ ची. लांब लेन्सने फक्त एकूण हालचाल मोठी दिसते, आणि तिच्याबरोबर हिसकेही तेवढेच मोठे दिसतात. म्हणून सुरुवात २४ ते ३५ मिमीच्या लेन्सने आणि अगदी जवळच्या फोरग्राउंडने (विषयाच्या पुढे, कॅमेऱ्याजवळ असलेल्या वस्तूने) करावी. ८५ मिमीवर नितळ स्लाइड काढणं हे वरच्या इयत्तेचं काम आहे.

आडव्या स्लाइडइतकीच पुढे जाणारी स्लाइडही वापरतात. तिचं गणितही अंतरावरच आहे. १ मीटरवरून ५५ सेंमीवर गेलात, तर वस्तू जवळजवळ १.८ पट मोठी होते. ३ मीटरवरून तितकंच पुढे गेलात, तर जेमतेम १.२ पट. उकडीच्या मोदकांच्या ताटाकडे पुढे सरकणं छान दिसतं. मंडपाच्या दुसऱ्या टोकाच्या नवरा-नवरीकडे सरकणं कुणाच्या लक्षातही येत नाही. जागा अडचणीची असेल, तर रूळ विषयाशी ४५ अंशांत तिरका लावा. आडवी आणि पुढची, दोन्ही हालचाली थोड्या थोड्या मिळतात.

फोकस कुठे सुटतो

कॅमेरा न वळवता सरळ आडवा सरकवला, तर फोकसचं प्रतल विषयाला समांतरच राहतं. फोकस एकदा लावून कुलूप केला तरी चालतो. पण सरकता सरकता कॅमेरा वळवून विषय मध्यभागी ठेवायचा असेल, तर अंतर बदलतं. विषय १ मीटरवर आणि धाव ४५ सेंमी असेल, तर टोकांना अंतर मध्यापेक्षा अडीच सेंमीने वाढतं. एवढ्याशाने काय होतंय असं वाटेल. पण ५० मिमीच्या लेन्सवर एफ १.८ ठेवलं (एफचा आकडा लहान, तर लेन्सचं छिद्र मोठं), तर १ मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ४ सेंमी जाडीचा असतो, म्हणजे मागे-पुढे दोन-दोन सेंमी. टोकांना फोकस सुटतोच. एफ ४ वर हा पट्टा साधारण ९ सेंमीचा होतो आणि प्रश्न मिटतो. पुढे जाणाऱ्या स्लाइडमध्ये तर ऑटोफोकस किंवा फोकस रिंगवर दुसरा माणूस हवाच. ऑटोफोकस वापरत असाल, तर त्याचा बदलण्याचा वेग मेनूमधून कमी करा, नाहीतर तो फोरग्राउंड मधे आलं की विषय सोडून त्याच्यावर उडी मारतो.

पैठणीसारख्या बारीक विणीवर आणखी एक घोळ होतो. धाग्यांची नक्षी सेन्सरच्या पिक्सेलांच्या रचनेशी झगडते आणि कापडावर लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात. स्लाइडमध्ये ते वळवळताना दिसतात. एडिटिंगमध्ये ते नीट जात नाहीत. जागेवरच कॅमेरा थोडा मागे-पुढे करावा, कोन बदलावा किंवा कापड फोकसच्या किंचित बाहेर ठेवावं.

आधार: बहुतेक हिसके इथून येतात

हिसका बसला की दोष रुळाला दिला जातो. प्रत्यक्षात रूळ ठीक असतो आणि खालचा आधार डगमगत असतो.

एकाच ट्रायपॉडवर मध्यभागी स्लायडर बसवला, की कॅरेज मध्यावर असताना सगळं स्थिर दिसतं. कॅमेरा आणि हेड (कॅमेरा ज्यावर बसतो आणि वळतो तो भाग) मिळून दोन किलो वजन टोकाकडे गेलं, की ते तरफेसारखं रुळाचं ते टोक खाली दाबतं. रूळ थोडा वाकतो, ट्रायपॉडचं हेड थोडं झुकतं, आणि शॉटभर क्षितिज हळूहळू कलंडत जातं. तपासायचं सोपं आहे. कॅरेज मध्यावर ठेवून पाणसळीचा बुडबुडा बघा, मग कॅमेऱ्यासकट कॅरेज टोकाला न्या आणि पुन्हा बघा. बुडबुडा हलला तर आधार दबतोय.

६० सेंमीपर्यंतचा स्लायडर आणि हलका कॅमेरा एका मजबूत ट्रायपॉडवर चालतो. पण स्लायडरच्या खाली बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं हेड, नको. वजन टोकाला गेलं की बॉल घसरतो. स्लायडरच्या तळाला बहुधा १/४ आणि ३/८ इंचाचे आटे असतात. हेड काढून ३/८ इंचाच्या स्क्रूने तो सरळ ट्रायपॉडच्या माथ्यावर आवळा. मधली दांडी पूर्ण खाली, पाय पूर्ण पसरलेले, मध्याला वजनाची पिशवी लटकवलेली आणि ती जमिनीला हलकी टेकलेली, म्हणजे ती झुलणार नाही. ८० सेंमी किंवा त्याहून लांब स्लायडरला दोन्ही टोकांना आधार द्या: दोन ट्रायपॉड, किंवा एक ट्रायपॉड आणि एक भक्कम लाइट स्टँड. टेबलावर किंवा जमिनीवर शॉट असेल, तर स्लायडरचे स्वतःचे चार पाय सगळ्यांत उत्तम. त्यांतला एखादा पाय अधांतरी राहिला नाही ना, हे टोकं दाबून बघा. अधांतरी पाय म्हणजे कॅरेज त्यावरून जाताना एक ठरलेला धक्का.

लग्नाच्या स्टेजवर फळ्या असतात आणि त्यांवर सारखी माणसं चालतात. तिथे लावलेला स्लायडर प्रत्येक पावलाला थरथरतो. तो स्टेजच्या खाली, पक्क्या जमिनीवर लावा आणि उंची ट्रायपॉडने मिळवा. हातमागावरही तसंच: फणी आपटली की लाकडी सांगाडा हादरतो, म्हणून ट्रायपॉडचा पाय मागाला चिकटलेला नको.

पाणसळ दोनदा बघायची. आधी रूळ, मग हेडवरचा कॅमेरा. रूळ कललेला असेल, तर वस्तू फ्रेममध्ये हळूहळू वर किंवा खाली जाते आणि हलकी कॅरेज आपोआप घरंगळते. नुसता कॅमेरा सरळ करून हा दोष जात नाही.

कॅरेजवर कॅमेरा जितका खाली बसेल तितकं चांगलं. उंच हेड, त्यावर मॉनिटर, त्यावर माइक असा मनोरा केला, की सुरुवातीला आणि शेवटी तो डुलतो. लेन्स लांब असेल, तर प्लेट मागे-पुढे करून वजन दोन्ही नळ्यांच्या मधोमध आणा. नाहीतर पुढची चाकं दबतात आणि मागची मोकळी राहतात.

रूळ आणि चाकं

स्वस्त स्लायडरमध्ये कॅरेज प्लास्टिकच्या पट्ट्यांवर नुसती घासत सरकते. आवाज होत नाही, पण कॅमेरा जड झाला की ती अडकत जाते. चाकांचे स्लायडर जास्त प्रचलित आहेत: बेअरिंगची छोटी चाकं ॲल्युमिनियमच्या रुळावर किंवा कार्बन फायबरच्या नळ्यांवर धावतात. कार्बनच्या नळ्या हलक्या असतात, पण मीटरभर लांबीच्या नळ्या मध्ये आधार नसेल तर वजनाने लवतात. स्टीलच्या दांड्यांवरची लिनिअर बेअरिंग अचूक असतात, जड असतात आणि आवाज करतात. हाताने सरकवणाऱ्यासाठी सगळ्यांत उपयोगाचा प्रकार फ्लायव्हीलचा. पट्ट्याने जोडलेलं जड चाक कॅरेजबरोबर फिरतं आणि त्याची जडता हाताचे बारीक चढ-उतार गिळून टाकते. मोटर घ्यायची नसेल, तर पैसे इथे घालावेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

हात

कॅमेरा धरून सरकवू नका. उंचावर लावलेला जोर कॅमेऱ्याला आधी झुकवतो आणि मग सरकवतो. दोन बोटं कॅरेजच्या तळाशी, रुळाच्या जितक्या जवळ जमतील तितकी. कोपर अंगाला टेकवा आणि हात ताणण्याऐवजी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्या. मनगट आणि कोपर यांची हालचाल वर्तुळात होते, रूळ सरळ असतो. त्या विसंगतीमुळेच मधे वेग बदलतो.

याहून चांगली युक्ती म्हणजे रबरबँड. कॅरेजच्या एखाद्या स्क्रूला रबरबँड अडकवा, ड्रॅगचा, म्हणजे कॅरेजला अडवणाऱ्या घर्षणाचा नॉब थोडा आवळा आणि रबर ओढत न्या. हाताचा वेग किंचित कमी-जास्त झाला, तरी तो फरक रबरच्या ताणात जिरतो. ड्रॅग अजिबात नसेल, तर कॅरेज रबरच्या पुढे पळते आणि युक्ती फसते.

थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर, हलती वस्तू हलती ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. म्हणून पहिल्या क्षणी कॅरेज चिकटते आणि मग एकदम सुटते. हा हिसका टाळण्यापेक्षा कापणं सोपं. हव्या त्या जागेच्या ४–५ सेंमी आधीपासून सुरुवात करा आणि एडिटिंगमध्ये तेवढा भाग काढून टाका. शेवटीही अडथळ्यावर आपटायच्या ३–४ सेंमी आधी थांबा. ४५ सेंमीतले कामाचे ३६–३८ राहतात, हे फ्रेम ठरवतानाच धरून चाला. आधी स्थिर आणि शेवटी स्थिर असा शॉट हवा असेल, तर दोन्ही टोकांना ३ सेकंद थांबा आणि वेग हळूहळू वाढवा, हळूहळू उतरवा.

वेग आणि कॅमेऱ्याची सेटिंग

सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करताना कुठलीही ठळक वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसरीकडे जायला साधारण ७ सेकंद लागावेत. त्याहून जलद गेली तर ती तुटक दिसते. वरच्या हिशेबाला हा नियम जोडा. हातमागाचे धागे पूर्ण धावेत फ्रेमच्या ७५ टक्के सरकतात, म्हणजे स्लाइड किमान सव्वापाच सेकंदांची हवी. ५० मिमीची लेन्स लावली, तर तेच धागे दीड फ्रेमपेक्षा जास्त सरकतात आणि ११ सेकंद लागतात. इतकी सावकाश स्लाइड हाताने काढणं अवघड. मग ५० फ्रेमवर शूट करून २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवा. साडेपाच सेकंदांची स्लाइड ११ सेकंदांची होते आणि हाताची थरथरही मंदावते. अक्षता पडतानाच्या शॉटला हे शोभतं. बोलणाऱ्या माणसाला शोभत नाही.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ, २५ फ्रेमला १/५० सेकंद, ५० फ्रेमला १/१००. यामुळे हलत्या कडांना योग्य इतकीच धूसर रेघ येते, आणि भारतातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर दिव्यांची फडफडही दिसत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची आहे. तिथल्या घरात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये शूट करताना ३० फ्रेम आणि १/६० धरा. उन्हात १/५० ठेवायला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी गडद काच लागते. शटर १/१००० वर नेऊन उजेड कमी केला, तर प्रत्येक फ्रेम कोरीव येते आणि स्लाइड धक्क्याधक्क्याने चालल्यासारखी दिसते. रूळ उत्तम असूनही शॉट खडबडीत दिसतो, तेव्हा आधी शटर तपासा.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. तुमची मुद्दाम केलेली सावकाश हालचाल त्याला थरथर वाटते. ते सेन्सर उलटा सरकवून चित्र धरून ठेवतं, आणि त्याची मर्यादा संपली की चित्र एकदम घसरतं. रुंद लेन्सवर फ्रेमचे कोपरे डुलतात. एडिटिंगमधलं स्टॅबिलायझेशनही जपून वापरा, कारण जवळचं आणि लांबचं वेगवेगळ्या वेगाने सरकतंय हाच त्याच्या दृष्टीने दोष असतो आणि ते सारखं करायच्या नादात फोरग्राउंड वाकवतं.

मोटर असेल तर

मोटरचा खरा फायदा टाइमलॅप्समध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेले फोटो जोडून केलेल्या क्लिपमध्ये आहे. ८ सेकंदांच्या क्लिपला २५ च्या हिशेबाने २०० फ्रेम लागतात. दर ५ सेकंदांना एक फोटो घेतला, तर १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. ४० सेंमी धाव २०० मध्ये वाटली, की दर फोटोला २ मिमी. मोटर ‘सरका, थांबा, फोटो’ या पद्धतीवर लावा. एक्स्पोजर २ सेकंदांचं असेल, तर सरकायला आणि थरथर शांत व्हायला ३ सेकंद मिळतात.

रूळ उभा लावणार असाल, तर मोटरची उभ्या दिशेची वजनक्षमता वेगळी बघा; ती आडव्यापेक्षा बरीच कमी असते. मुलाखतीच्या वेळी मोटरची घरघर कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये हमखास येते, तेव्हा आवाज कॉलर माइकवर वेगळा घ्या.

देखभाल आणि दोष ओळखणं

चाकांच्या रुळाला तेल लावू नका. तेलावर धूळ आणि वाळू बसते आणि चाकांखाली रगडली जाऊन रुळावर ओरखडे काढते. कोरड्या मऊ कापडाने रूळ आणि प्रत्येक चाक पुसा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर काम झालं असेल, तर गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने खार पुसून लगेच कोरडं करा. स्टीलच्या दांड्यांना मात्र हलक्या तेलाचा पुसट हात लागतो, नाहीतर त्या गंजतात.

कॅरेज हाताने धरून हलवून बघा. ती कडकड करत असेल, तर चाकं सैल आहेत. बऱ्याच स्लायडरमध्ये एका बाजूच्या चाकांचा नट मध्यापासून किंचित सरकलेला असतो. तो पान्याने थोडा फिरवला, की चाक रुळाजवळ येतं. एका वेळी अगदी थोडंच फिरवा. कॅरेज डुगडुगायची थांबली आणि तरी बोटाने सहज सरकते, तिथे थांबा. जास्त आवळलं तर बेअरिंग लवकर जातात.

हिसका कुठे बसतो, हे टिपलं की कारण सापडतं. दर वेळी रुळाच्या एकाच जागी बसत असेल, तर तिथे कचरा किंवा पोचा आहे. नखाने चाचपून बघा. जागा बदलत असेल, तर हात किंवा जमीन. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा बसत असेल, तर एखादं चाक खराब आहे. चाकाचा व्यास १६ मिमी असेल, तर त्याचा घेर साधारण ५० मिमी. दर ५ सेंमीला धक्का बसत असेल, तर त्या चाकावर काहीतरी चिकटलंय किंवा ते एका बाजूला चपटं झालंय. कॅरेज बरेच दिवस वजनासकट एकाच जागी उभी ठेवली, की रबरी चाकं अशी चपटी होतात, म्हणून कॅमेरा उतरवूनच स्लायडर बॅगेत ठेवा. चाक बदलताना चारही चाकं एकदम बदला. जुन्या-नव्या चाकांच्या व्यासात थोडा फरक असला, तरी कॅरेज एका कोपऱ्यावर उचलली जाते.